पुढच्या ब्रेकची भीती आणि एबीएसचा हिशेब

शोरूममध्ये बाईक बघायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ॲव्हरेजचा असतो आणि दुसरा हप्त्याचा. ब्रेकचा विषय निघालाच, तर "एबीएसवाली चार-पाच हजारांनी महाग आहे" एवढ्यावर तो मिटतो. एबीएस म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. ऑफिसला जायची, मुलांना शाळेत सोडायची आणि संध्याकाळी भाजी आणायची गाडी, तिला कशाला हवं हे शर्यतीच्या गाड्यांचं लेणं, असा त्यामागचा विचार असतो. कायद्यानेही या समजाला नकळत हातभार लावला. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीपेक्षा मोठं इंजिन असलेल्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं, पण १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएसवर, म्हणजे दोन्ही ब्रेक जोडणाऱ्या कॉम्बी ब्रेकवर, सूट मिळाली. रोजच्या वापराच्या बहुसंख्य गाड्या नेमक्या या सुटीत बसतात. त्यामुळे 'सरकारलाच गरज वाटत नाही' असा अर्थ लोकांनी काढला. खरं तर ती रेषा इंजिनाच्या आकारावर ओढलेली होती. ओल्या रस्त्यावर चाक किती लवकर घसरतं, याचा तिच्याशी संबंध नव्हता. जून २०२५मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने काढलेल्या मसुद्यात ही रेषाच पुसून जवळजवळ सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस लावण्याचा प्रस्ताव आला. याला कारण आहे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती.

सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज म्हणजे 'मी चाळीसच्या वर जातच नाही, मला एबीएस कशाला?' चाक लॉक व्हायला वेग लागत नाही. ब्रेकचा दाब टायरच्या पकडीपेक्षा जास्त झाला की चाक फिरायचं थांबतं आणि घसरायला लागतं. मग काटा ८०वर असो की ३०वर. ही पकड शहरातच सगळ्यात बेभरवशाची असते. पहिल्या पावसात वर आलेलं तेल, झेब्रा क्रॉसिंगचा ओला रंग, गटाराची लोखंडी झाकणं, बांधकामाच्या ट्रकमधून सांडलेली रेती, पंपाबाहेर पडलेलं डिझेल हे सगळं वीस-तीस पावलांच्या अंतरात भेटू शकतं. त्यातच समोरून कुणीतरी इंडिकेटर न देता वळतं आणि माणूस करकचून ब्रेक मारतो. मागचं चाक लॉक झालं तर गाडी मागून घसरते, पण बऱ्याचदा सावरता येते. पुढचं लॉक झालं तर सावरायला सेकंदही मिळत नाही. दुचाकी तोल राखते तो हँडलच्या बारीक हालचालींवर, आणि घसरणारं पुढचं चाक हँडलला जुमानत नाही.

याच अनुभवातून, किंवा त्याच्या ऐकीव कहाण्यांमधून, आपल्याकडे एक अलिखित नियम तयार झाला: पुढचा ब्रेक लावायचा नाही, माणूस उलटा पडतो. गाडी शिकवणारे काका-मामा हा नियम पहिल्याच दिवशी सांगतात आणि तो जन्मभर पायात राहतो. माझ्या मते एबीएसची सगळी चर्चा इथून सुरू व्हायला हवी, कारण खरा तोटा या सवयीत आहे. ब्रेक लागताच गाडीचं वजन पुढे झुकतं. जोरात ब्रेक लावताना तीन चतुर्थांशाच्या आसपास भार पुढच्या चाकावर येतो, मागचं हलकं होतं, आणि हलक्या चाकाला कितीही दाबलं तरी ते फक्त घसरतं. साधा हिशेब करून बघा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. कोरड्या डांबरी रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट वापरले तर या वेगातली गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण १४ मीटरांत थांबवता येते. फक्त मागच्या ब्रेकवर तिला ३० मीटर किंवा जास्त लागतात. म्हणजे पुढच्या ब्रेकची भीती बाळगणारा स्वार प्रत्येक आणीबाणीत निम्मी ताकद बाजूला ठेवूनच उतरतो.

एबीएस ही भीती काढून घेतं. पुढच्या चाकाच्या आखाजवळ खाचा असलेली एक चकती असते आणि तिच्या शेजारी बोटाएवढा सेन्सर. चाक फिरताना तो खाचा मोजत राहतो. चाकाचा वेग गाडीच्या मानाने अचानक कोसळायला लागला, म्हणजे ते लॉक व्हायच्या बेतात आलं, की यंत्रणा कॅलिपरकडे जाणारा ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर सोडते, चाक पुन्हा फिरू देते आणि दाब परत वाढवते. एका सेकंदात असं अनेकदा होतं. त्या वेळी बोटांखाली लिव्हर थरथरते. पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला वाटतं काहीतरी बिघडलं आणि तो ब्रेक सोडून देतो. हीच मोठी चूक. थरथर म्हणजे यंत्रणा काम करते आहे, अशा वेळी लिव्हर दाबूनच ठेवायची. एवढी एक गोष्ट गाडी ताब्यात देताना सांगितली, तर एबीएसचे पैसे निम्मे वसूल झाले असं मी म्हणेन.

आता सीबीएसबद्दल. 'आमच्या गाडीला कॉम्बी ब्रेक आहे, तेच ते' असं सर्रास म्हटलं जातं. ते तेच नाही. सीबीएसमध्ये एक ब्रेक दाबला की दुसऱ्या चाकालाही थोडा ब्रेक लागतो. फक्त मागचा दाबणाऱ्या माणसाला त्याचा फायदा नक्की होतो, कारण त्याच्या नकळत पुढचाही थोडा वापरला जातो. पण चाक लॉक होतंय की नाही, हे सीबीएसला कळत नाही. त्यात ना सेन्सर, ना दाब सोडायची सोय. ओल्या रस्त्यावर घाबरून दाबलात, तर ते चाक लॉक होऊ देईल. 'सिंगल चॅनल म्हणजे अर्धवट एबीएस' हाही असाच एक हिशेबाचा घोळ आहे. सिंगल चॅनलमध्ये फक्त पुढच्या चाकाचं लॉक होणं रोखलं जातं. दोन्ही चाकांना असलं तर उत्तमच, पण एकालाच देता येत असेल तर ते पुढचंच असायला हवं, आणि तसंच केलेलं असतं. रोजच्या गाडीला एवढ्याने मोठं काम होतं.

एबीएस खरोखर जीव वाचवतं याला पुरावा काय, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या आयआयएचएस या विमा उद्योगाच्या संस्थेने तीच मॉडेल्स एबीएससह आणि एबीएसविना अशी तुलना केली. जीवघेण्या अपघातांचं प्रमाण सुरुवातीच्या एका अभ्यासात ३७ टक्क्यांनी कमी दिसलं, पुढच्यात ३१ टक्क्यांनी आणि २०२१च्या अभ्यासात २२ टक्क्यांनी. विक्रेते ३७चा आकडा सांगतात. मी २२ धरून चालतो आणि तरीही तो मला मोठा वाटतो. यावर शंका अशी येते की सांभाळून चालवणारी माणसंच एबीएस विकत घेत असतील, मग श्रेय यंत्राचं की माणसाचं? शंका योग्य आहे. २००९च्या एका स्वीडिश अभ्यासाने ती वेगळ्या वाटेने तपासली. ब्रेकचा फारसा संबंध नसलेले अपघात आणि ब्रेकवर अवलंबून असलेले अपघात त्याने वेगळे काढून तुलना केली. माणसं नुसतीच सावध असती, तर दोन्ही प्रकार सारखेच घटायला हवे होते. पण घट ब्रेकशी संबंध असलेल्या अपघातांत दिसली, आणि इजा झालेल्या सगळ्या अपघातांचा विचार केला तरी परिणाम ३८ टक्के निघाला. पुढे २०१५मध्ये स्पेन, इटली आणि स्वीडनच्या आकडेवारीत हेच प्रमाण २४ ते ३४ टक्क्यांच्या दरम्यान आलं.

यातली खरी अडचण दुसरीकडे आहे. हे अभ्यास मोठ्या गाड्यांचे आहेत, आणि ज्या देशांत परवान्यापूर्वी ब्रेक लावायचं बऱ्याचदा रीतसर शिकवलं जातं तिथले आहेत. तिथला स्वार पुढचा ब्रेक दाबतो, म्हणून तिथे एबीएसला काम करायची संधी मिळते. आपला स्वार ११० सीसीच्या गाडीवर पायानेच थांबत राहिला, तर पुढच्या चाकाचं एबीएस कधी जागंच होणार नाही. म्हणून परदेशी टक्के जसेच्या तसे इथे आणून बसवायची माझी तयारी नाही. पण यातून निघतं ते एवढंच, की एबीएस घेणाऱ्याने सवय बदलायची आहे. एबीएस नको, असं त्यातून निघत नाही. उलट सवय बदलायला सगळ्यात सुरक्षित गाडी एबीएसचीच, कारण पुढचा ब्रेक शिकताना होणारी चूक ती पोटात घालते.

एबीएसवाल्यांचेही गैरसमज आहेत आणि ते जास्त धोकादायक आहेत. एबीएस पकड निर्माण करत नाही, आहे ती वाया जाऊ देत नाही. टायर गोटा झालेले असतील, तर वाया जाण्यापासून वाचवायला काही उरलेलंच नसतं. सुट्या खडीवर किंवा मुरमाच्या रस्त्यावर एबीएसमुळे थांबायचं अंतर उलट वाढू शकतं. वळणावर गाडी कलंडलेली असताना साध्या एबीएसचा आधार मर्यादित असतो. मागून ट्रक येऊन आदळला, तर एबीएसचा काडीचा उपयोग नाही.

देखभालीची भीती मात्र फुगवलेली आहे. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलायचं, जे कुठल्याही डिस्क ब्रेकला लागतंच, आणि सेन्सरजवळ चिखल साचू द्यायचा नाही. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागतो आणि गाडी थोडी पुढे गेली की विझतो. तो पेटलेलाच राहिला, तर साधा ब्रेक चालू असतो, फक्त एबीएस बंद असतं. तेव्हा सर्व्हिस सेंटर गाठायचं.

आता पैशांचं. जानेवारी २०२४मध्ये हिरोची एक्स्ट्रीम १२५आर आली, तेव्हा तिच्या एबीएस आणि बिनएबीएसच्या गाडीत एक्स-शोरूम साडेचार हजारांचा फरक होता. त्याआधी डिसेंबर २०२२मध्ये पुण्याच्याच बजाजने प्लॅटिना ११०ला एबीएस दिलं, किंमत ७२ हजारांच्या घरात. म्हणजे ही चैन नाही, रोजच्या गाडीला ते परवडण्यासारखं बसवता येतं. साडेचार हजारांत चांगलं हेल्मेट आणि टायर येतात, ते आधी घ्यावेत, असा आक्षेप कुणी घेतला तर मला तो पूर्ण मान्य आहे. हेल्मेट आधीच. पण हेल्मेट पुढच्या पगाराला घेता येतं, टायर झिजल्यावर बदलता येतो; कंपनीच्या एबीएसविना घेतलेल्या गाडीला ते नंतर बसवून मिळत नाही. बाजारात 'एबीएस' म्हणून काही शे रुपयांना मिळणाऱ्या, ब्रेकच्या पाइपमध्ये अडकवायच्या डबीला तर चाक फिरतंय की थांबलंय हे कळायला सेन्सरच नसतो. ते एबीएस नव्हे.

तेव्हा एकाच गाडीची दोन मॉडेल्स समोर असतील, तर एबीएसचं घ्या आणि आठवडाभर मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर कमी वेगात दोन्ही ब्रेक एकत्र दाबायचा सराव करा. बजेट ताणलेलं असेल, तर अलॉय व्हील आणि ब्लूटूथचा डिस्प्ले सोडा. आणि पसंत पडलेली गाडी पुढे ड्रम ब्रेकचीच येत असेल, तर विक्रेत्याला विचारा की पुढच्या डिस्कचं आणि एबीएसचं मॉडेल कधी येणार आहे. हा प्रश्न शोरूममध्ये फारसं कुणी विचारत नाही.