इंग्रजी लिहावयाचे कोणासाठी?

बंगळूरच्या उत्तरेस येलहंका आहे. तेथील मराठी घरातले मूल घरी मराठी बोलते, रस्त्यावर कन्नड शिकते आणि शाळेत इंग्रजी वाचते. पहिल्या दोन भाषांत ते सहज वावरते; इंग्रजीत मात्र चांगले गुण मिळवूनही स्वतःची चार वाक्ये लिहिताना अडते. असे का व्हावे?

निबंधाच्या वहीला वाचक एकच, आणि तोही चुका शोधण्यासाठी वाचतो. सांगावयाचे काही नसले, ऐकणारे कोणी नसले, की भाषा मुकी होते.

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत केलेला प्रयोग 'बंगळूर प्रकल्प' म्हणून प्रसिद्ध आहे. व्याकरणाचे नियम घोकविण्याऐवजी मुलांना आगगाडीचे वेळापत्रक, नकाशा यांवरील प्रश्न सोडवावयास दिले. मन अर्थात गुंतले म्हणजे भाषेची घडण नकळत अंगवळणी पडते, हा त्यामागील विचार.

मराठी माणसास तो अगदीच परका नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली मुंबईत काढलेल्या 'दर्पण'मध्ये इंग्रजी व मराठी मजकूर शेजारीशेजारी छापला जाई. बातमीच्या ओढीने वाचताना दुसरी भाषाही परिचयाची होई.

तेव्हा मुलाने दर आठवड्यास दूरच्या मामास इंग्रजीत एक पान लिहावे: तळ्यावर कोणते पक्षी उतरले, बाजारात काय महागले. मामाने आधी मजकुरास उत्तर द्यावे, एखादा प्रश्न विचारावा आणि चुकलेला शब्दप्रयोग आपल्या उत्तरात बिनचूक योजावा. तांबड्या शाईपेक्षा उत्तराची वाट पाहणे मुलास अधिक शिकवील.