नर्सबाई आजी होतात तेव्हा

सटाण्याच्या बाजारात सत्तरी-पंचाहत्तरीची एखादी निवृत्त नर्सबाई भाजी घ्यायला निघाली, की पिशवी भरायला तास जातो. कांदे तोलणारा सांगतो, ‘बाई, माझा जन्म तुमच्याच हातचा.’ पलीकडची म्हातारी सुनेला पुढं करते आणि पाचव्या महिन्यातलं तिचं दुखणं तिथंच, मेथीच्या जुड्यांशेजारी सुरू होतं. नोकरी अठ्ठावन्नाव्या वर्षी संपली, ओपीडी मात्र चालूच आहे. घरी गेल्यावर तिसरी पाळी सुरू होते, ती नातवंडांची. आज तिच्याविषयी बोलू, कारण नर्स आणि आजी या दोन्ही भूमिकांबद्दल विज्ञानानं बरंच काही शोधून ठेवलं आहे आणि ते तिच्यापर्यंत क्वचित पोचतं.

या पिढीनं काय पाहिलं ते आधी आठवू. त्या नोकरीला लागल्या तेव्हा देवीचे रुग्ण शोधण्यासाठी दारोदारी फिरणं चालू होतं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात आसामात सापडला. जुलाबानं सुकलेल्या मुलाला मीठ-साखरेच्या पाण्यानं वाचवता येतं, हे १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी दाखवलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आलं. हीच जलसंजीवनी पुढे नर्सबाईंच्या पिशवीतून पाड्यापाड्यावर गेली. १९७१ मध्ये देशात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत जात. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. या उतारामागे लस आहे, रस्ते आहेत, मुलींचं शिक्षण आहे आणि साल्हेर-मुल्हेरकडच्या चढणीवर लशीचा डबा खांद्याला लावून चालणारी बाईही आहे. उपकेंद्राचा हिशेब कागदावर सोपा असतो: सपाटीला पाच हजार लोकसंख्येमागं एक, डोंगराळ-आदिवासी भागात तीन हजारांमागं एक. पायांचा हिशेब वेगळा.

या पायांचं, पाठीचं आणि झोपेचं पुढे काय होतं, याचं उत्तर अमेरिकेतल्या नर्सनी दिलं आहे. १९७६ साली तिथं एक पाहणी सुरू झाली. तीस ते पंचावन्न वयाच्या १,२१,७०० नर्सनी टपालानं आलेली प्रश्नावली भरून पाठवली आणि पुढे दर दोन वर्षांनी ती त्यांना जात राहिली. नर्सच का? कारण त्या आपल्या आजाराचं, औषधाचं नाव अचूक लिहितात आणि कंटाळून मध्येच सोडत नाहीत. एका टप्प्यावर साठ हजारांहून अधिक जणींनी पायाच्या नखांचे तुकडे पाकिटात घालून पाठवले, कारण शरीरातल्या काही खनिजांचा माग नखांत राहतो. मला या अभ्यासातली ही गोष्ट सर्वात आवडते. आपल्याकडची कुठलीही नर्सबाई हे ऐकून हसेल आणि मग नेलकटर शोधेल.

या बायकांच्या उत्तरांतून निघालेल्या गोष्टी आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आल्या. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटचा हृदयविकाराशी संबंध १९९३ मध्ये याच नर्सच्या नोंदींवरून ठळक झाला. भारतात खाद्यतेल आणि वनस्पती तुपात ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर यायला २०२२ साल उजाडलं. डालड्यातल्या करंज्या आठवत असतील, तर मधली एकोणतीस वर्षंही मोजा.

रात्रपाळीबद्दलचं उत्तर कडू आहे. तीस वर्षं किंवा जास्त काळ फिरत्या रात्रपाळ्या केलेल्या नर्समध्ये स्तनाच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा सुमारे एकतृतीयांशानं जास्त आढळला. २००१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात ठेवलं. घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. मूळ धोकाच थोडा असतो, त्यामुळे एकतृतीयांश वाढ म्हणजे प्रत्येकीला आजार असा अर्थ होत नाही. शिवाय परदेशातले आकडे जसेच्या तसे बागलाणात लावता येत नाहीत. तिथली रात्रपाळी वॉर्डातली, इथं उपकेंद्रात राहणाऱ्या बाईला रात्री दोनला दार वाजलं की निघावं लागे. पण ज्या बाईनं आयुष्यभर अशा रात्री काढल्या, तिनं स्तनांची तपासणी टाळू नये, एवढं निश्चित.

आता आजी. निसर्गाच्या हिशेबात आजी हे कोडं आहे. बहुतेक प्राण्यांत मादीची प्रजननक्षमता आणि आयुष्य जवळपास बरोबरच संपतं. माणसाची बाई मात्र पाळी गेल्यावर तीस-चाळीस वर्षं जगते. अशी सोबत तिला फार थोड्यांची आहे, त्यांत समुद्रातले काही देवमासे. हे कशासाठी? टांझानियातल्या हाडझा या कंदमुळं खोदून, शिकार करून जगणाऱ्या लोकांत क्रिस्टन हॉक्स आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की, आईच्या कडेवर नवं बाळ आलं, की आधीच्या मुलाचं पोट आजीनं खणून आणलेल्या कंदांवर भरतं. त्यावरून १९९८ मध्ये त्यांनी मांडलं की, माणसाचं लांब आयुष्य आजीच्या या कामामुळे टिकून राहिलं असावं. २००४ मध्ये फिनलंड आणि कॅनडातल्या चर्चच्या जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा पन्नाशीनंतर बाई जगलेल्या प्रत्येक दहा वर्षांमागं तिच्या खात्यात सरासरी दोन नातवंडं जास्त दिसली.

गांबियातल्या खेड्यांत आणखी बारीक गोष्ट सापडली. आईची आई हयात असेल तर लहान मुलं जगण्याची शक्यता वाढत होती. वडिलांच्या आईचा तसा परिणाम दिसला नाही. सगळ्या समाजांत असंच असतं असं नाही आणि सासवांनी लगेच रागावू नये. पण पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी.

निवृत्त नर्स आजी झाली, की या दोन्ही गोष्टी एका घरात येतात आणि थोडी कुरबुरही. तिच्या काळातलं सगळंच ज्ञान टिकलेलं नाही. पहिले सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, बाळाला उताणं झोपवावं, जुलाबात जलसंजीवनीबरोबर झिंकही द्यावं, हे तिला मध्येच नव्यानं शिकावं लागलं. तरी बाळाच्या श्वासाचा वेग नुसत्या नजरेनं ओळखून ‘थांबू नका, आत्ता दवाखान्यात न्या’ म्हणणारी आजी घरात असणं ही छोटी गोष्ट नाही.

प्रश्न आहे तिच्या वाट्याला हे किती यावं याचा. मुलगा-सून नाशिकला किंवा पुण्याला नोकरीला, पाळणाघर महाग, म्हणून आजी सटाण्याहून उचलली जाते. बर्लिनमध्ये सत्तरीपुढच्या पाचशेहून अधिक लोकांचा अनेक वर्षं माग ठेवला, तेव्हा अधूनमधून नातवंडं सांभाळणाऱ्यांचा मृत्यूचा धोका न सांभाळणाऱ्यांपेक्षा ३७ टक्के कमी दिसला. पूर्णवेळ जबाबदारी घेतलेले आजी-आजोबा या हिशेबातून वगळले होते. मेलबर्नच्या अभ्यासात आठवड्यातून एक दिवस नातवंडं सांभाळणाऱ्या बायकांची बुद्धी चाचण्यांत सर्वात तल्लख निघाली. पाच किंवा जास्त दिवस सांभाळणाऱ्यांची काही चाचण्यांत मागं पडली. हे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, मुळात धडधाकट असलेलीच आजी नातवंडं जास्त सांभाळते हेही खरं. तरी ‘आईला काय, नातवंडांत रमते’ म्हणून सहा दिवस, दहा तास तिच्या गळ्यात घालणाऱ्यांनी हे आकडे दोनदा वाचावेत. वर्षानुवर्षं उभं राहून फुगलेल्या शिरांचे पाय आणि झिजलेले गुडघे दीड वर्षाच्या नातवामागं धावायला बनलेले नाहीत. तिला दुपारची झोप लागते. महिन्यातले काही दिवस तिच्या घरी, तिच्या मैत्रिणींत, देवमामलेदारांच्या देवळापर्यंतच्या फेरीत जावे लागतात.

नातीचं वजन तक्त्यावर न चुकता लिहिणाऱ्या या बाईला ‘तुमची शुगर शेवटची कधी तपासली?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा ‘मला काय धाड भरलीये’ असं उत्तर येतं. आयुष्यभर दुसऱ्यांचा दंड धरून पट्टा बांधलेल्या माणसाला स्वतःचा दंड पुढं करणं जड जातं. तिशीपुढच्या प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंडाच्या कर्करोगाची तपासणी आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आता गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात मोफत होते. जुन्या उपकेंद्रांचीच पाटी बदलून ही मंदिरं झाली आहेत, म्हणजे रस्ता तिला पाठ आहे. पुढच्या वेळी नातवाच्या लशीला ती जाईल, तेव्हा सोबत जा आणि लस झाली की तिलाही तिथल्याच खुर्चीत बसवा.