वाहन आणि ऋतू : लेखांक सहावा
हिवाळी टायर आणि वैशाखातला रस्ता

लंडनच्या एका उपनगरात नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या भाच्याने गेल्या मार्गशीर्षात दूरध्वनीवर विचारले, "मामा, शेजारी म्हणतात हिवाळी टायर बसवून घे, आणि ऑफिसातले म्हणतात इथे बर्फ पडतो तरी किती, उगीच खर्च करू नकोस, तुम्ही काय म्हणता?" नागपुरात त्या आठवड्यात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास घुटमळत होता, गल्लीच्या तोंडाशी शेकोट्या पेटत होत्या, आणि हे संभाषण ऐकत बसलेल्या आमच्या एका स्नेह्यांनी, असले टायर आपल्याकडेही थंडीपुरते बसवून घ्यावेत काय, अशी पृच्छा मोठ्या गांभीर्याने केली. हवामान सौम्य असलेल्या मुलखात हिवाळी टायरांचा खर्च सार्थ होतो की नाही, हा एकच प्रश्न त्या एका संध्याकाळी दोन अगदी भिन्न शहरांतून माझ्यासमोर आला, आणि त्याची दोन भिन्न उत्तरे देताना रबराच्या स्वभावाचा जो विचार करावा लागला तो या लेखांकात मांडावा असे ठरवले.

हिवाळी टायर हा बर्फासाठी असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि ती अपुरी आहे. बर्फावर तो उपयोगी पडतो हे खरे. पण त्याचे मूळ प्रयोजन तापमानाशी निगडित आहे. कच्चे रबर उन्हात चिकट होते आणि थंडीत तडकते, या दोषामुळे ते बराच काळ निरुपयोगी मानले जात होते. गंधक मिसळून तापवल्यास हा दोष जातो, हे चार्ल्स गुडइयर याला १८३९ साली उमगले आणि तेथून रबराचे आधुनिक युग सुरू झाले. मात्र दोष गेला म्हणजे स्वभाव गेला असे नव्हे. प्रत्येक रबरी मिश्रणाला एक तापमान असे असते की त्याखाली ते काचेसारखे कठीण व ठिसूळ होते, आणि त्या मर्यादेच्या बऱ्याच वर असतानाच ते रस्त्याच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म खडबडीतपणात आपले अंग मुरवून त्याला धरून ठेवू शकते. टायरची पकड म्हणून आपण ज्याला म्हणतो ती बव्हंशी हीच. सामान्य टायरचे मिश्रण साधारणतः सात अंश सेल्सिअसच्या खाली ताठर होऊ लागते. रस्ता कोरडा असला, बर्फाचा कण नसला, तरी ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला अधिक अंतर घेते. हिवाळी टायरात म्हणून नैसर्गिक रबर आणि सिलिका यांचे प्रमाण अधिक ठेवतात, म्हणजे कडाक्याच्या थंडीतही तो लवचिक राहतो. शिवाय त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर केसासारख्या बारीक चिरा पाडलेल्या असतात, त्यांच्या कडा बर्फाला धरतात. पहिला हिवाळी टायर १९३४ साली फिनलंडात मालमोटारींसाठी तयार झाला.

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळू. लंडनचा हिवाळा भारतीय माणसाला कठोर वाटला तरी युरोपच्या मानाने सौम्यच. तेथे पौष-माघात पारा सातच्या खाली पुष्कळदा राहतो, पण बर्फ क्वचित आणि थोडाच टिकतो. जर्मनीत रस्त्यावर बर्फ, हिम वा गोठलेला चिखल असेल तेव्हा योग्य टायरांवाचून गाडी चालवण्यास कायद्याने मनाई आहे. इंग्लंडात तशी सक्ती नाही. अशा ठिकाणी चार टायरांचा वेगळा संच विकत घेणे, वर्षातून दोनदा बदलणे, उरलेले महिने तो कोठे तरी ठेवण्याची तजवीज करणे, हा व्याप एका साध्या नोकरदाराने करावा असे मला वाटत नाही. बाराही महिने चालणारा, पण ज्याच्या बाजूवर तीन शिखरांचा पर्वत आणि त्यात हिमकण असे चिन्ह कोरलेले आहे, असा टायर त्याने घ्यावा. ते चिन्ह बर्फावरील ठराविक चाचणी उत्तीर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. मी त्याला हेच कळवले, आणि स्कॉटलंडच्या डोंगरात बदली झाली तर मात्र हा सल्ला रद्द समजावा, असेही बजावले.

नागपूरचे उत्तर याहून सोपे आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी येथे ३.५ अंश इतके नीचांकी तापमान नोंदले गेले, आणि त्या पहाटेची हुडहुडी पुष्कळांच्या स्मरणात असेल; पण अशा पहाटा वर्षानुवर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्याही सूर्य वर येईपर्यंतच्या. पौषातल्या दुपारी येथला पारा पंचवीसच्या पुढे सहज जातो. इतक्या उबेत हिवाळी टायरचे मऊ ठोकळे वळणावर लचकतात, झपाट्याने झिजतात, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर उलट वाढते. थंडीत मनालीकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींनीही स्वतःच्या गाडीला असले टायर लावण्याच्या भरीस पडू नये. चाकांना साखळ्या बांधून देणारी, तो रस्ता जाणणारी माणसे व वाहने तेथे मिळतात. आमच्या स्नेह्यांना मी म्हटले, या खर्चाचा विचारच सोडून द्या, आणि तो पैसा व ती काळजी दोन्ही वैशाखासाठी राखून ठेवा.

कारण या शहरात टायरची खरी परीक्षा वैशाखात होते. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान होते. हवेचा हा आकडा सावलीतला, उन्हात तापलेला डांबरी रस्ता त्याच्या कितीतरी पुढे जातो. अशा रस्त्यावर टायर फुटला की लोक उन्हाला दोष देतात, आणि हवा गरमीने फुगते म्हणून उन्हाळ्यात ती दोन-चार पाउंड कमीच भरावी, असा सल्ला पिढ्यानुपिढ्या चालत आलेला आहे. या सल्ल्याने जितके नुकसान केले तितके उन्हाने केले नसेल, असे माझे स्पष्ट मत आहे. हवा तापून फुगते हे निर्विवाद: सकाळी ३३ भरलेली हवा दुपारी वीस अंशांच्या फरकाने ३६ होते, चालून आणखी चार-पाच वाढते; पण टायरची बांधणी याच्या कित्येक पट दाब सोसण्याजोगी असते, आणि कंपनीने सांगितलेला आकडा ही वाढ गृहीत धरूनच दिलेला असतो. खरा घात कमी हवेने होतो. जमिनीला टेकणारा टायरचा भाग प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि पुन्हा सरळ होतो. मोटारीचे चाक ताशी शंभरच्या वेगात हे सेकंदाला चौदा-पंधरा वेळा करते. हवा कमी असली तर हे दबणे खोल होते, त्या मुडपण्यातून रबराच्या आतच उष्णता निर्माण होते, बाहेर तापलेला रस्ता ती निघू देत नाही, आणि अखेरीस आतल्या तारा व रबर एकमेकांपासून सुटू लागतात.

मी हे हाताने अनुभवलेले आहे. काही वर्षांपूर्वी ज्येष्ठात अमरावतीला निघताना एका पंपावरच्या मुलाने आपणहून हवा २६ वर आणली, आणि मी हरकत घेतली नाही. तळेगावच्या पुढे गाडी सावलीत उभी करून मागच्या टायरच्या बाजूवर हात ठेवला तो चटका बसून मागे घ्यावा लागला. रिमच्या वर दोन बोटांवर रबराची काळी भुकटी कडे करून जमली होती. दुकानात उतरवून पाहिला तेव्हा आतून जाळी मोकळी झालेली दिसली. खाचा अजून शाबूत होत्या, बाहेरून तो टायर कोणालाही नवाच वाटला असता.

ही बाब समृद्धी महामार्गामुळे अधिक निकडीची झाली आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला, ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा होऊन ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. मोटारींना ताशी १२० ची मुभा, काँक्रीटचा सरळ पट्टा, मध्ये गाव नाही की चौक नाही. जुन्या रस्त्यावर खड्डे, फाटक, चहाची टपरी यांमुळे टायरला जी आपोआप विश्रांती मिळे, ती येथे मिळत नाही. शिर्डीपर्यंत चाकाचे सुमारे पावणेतीन लाख फेरे होतात, आणि चालकाने मनावर घेतले तर ते एकाही थांब्याशिवाय होतात. परिवहन विभागाने २०२३ मध्ये या मार्गाच्या प्रवेशद्वारांवर टायर तपासण्याचा शिरस्ता सुरू केला आणि गोटा झालेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या, हे अत्यंत योग्य झाले. मात्र प्रत्येक दुर्घटना टायरच्या माथी मारणेही बरे नव्हे: १ जुलै २०२३ च्या मध्यरात्री सिंदखेडराजाजवळ बसला आग लागून २५ माणसे गेली, तेव्हा चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते, पण परिवहन विभागाच्या तपासणीत तसा पुरावा आढळला नाही.

गोटा टायर कोणालाही दिसतो. खाचांच्या तळाशी असलेला १.६ मिलिमीटर उंचीचा ठोकळा पृष्ठभागाला लागला की त्याची मुदत संपली. वय मात्र दिसत नाही, ते वाचावे लागते. टायरच्या बाजूवर एका लांबट चौकटीत चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. अंगणात वर्षचे वर्ष उन्हात उभ्या राहणाऱ्या, रविवारी देवदर्शनापुरत्या निघणाऱ्या गाड्यांचे टायर खाचांनी तरुण आणि वयाने म्हातारे असतात, आणि नेमक्या अशाच गाड्या मे महिन्याच्या सुटीत मुलाबाळांसह समृद्धीवर येतात. अशा कुटुंबांसाठी मला फार काळजी वाटते.

परवा पहाटे सहाला, चाके रात्रभर थंड झालेली असताना, घराजवळच्या पंपावर गेलो. मुलाने मीटर लावला. चारही चाकांत एकोणतीस ते एकतीसच्या दरम्यान हवा होती. "काका, उन्हाळा आहे ना, इतकीच राहू देऊ का?" त्याने विचारले. दाराच्या आतील बाजूस चिकटवलेल्या कागदावरचा ३३ चा आकडा मी त्याला दाखवला, त्याने तो वाकून वाचला आणि चारही चाके ३३ वर आणली. मग डिक्की उघडून स्टेपनी पाहिली. तिच्यात अठरा निघाली.