विश्वासाची आवर्ती ठेव

बँकेच्या नोकरीत बदली कोणाला चुकत नाही. माझी बदली तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडु येथे झाली, तेव्हा प्रथम नकाशा उघडावा लागला. येथे आल्यावर मात्र एक ओळखीची खूण भेटली. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे (1777–1832) यांनी मुक्तांबेच्या स्मरणार्थ उभारलेले छत्र या गावात आहे. रामेश्वरच्या यात्रेकरूंना अशा छत्रांतून अन्न मिळे, आजारी पांथस्थांवर उपचारही होत. दमलेल्याला आधी आसरा द्यावा, ही त्यामागील भावना. तिचा खरा अर्थ मला पुढे एका कुत्र्याने शिकविला.

आमच्या एका खातेदारांच्या नारळाच्या बागेत जन्मलेले, आईविना वाढलेले हे कुत्रे. वय सुमारे एक वर्ष. माणसाचा हात त्याला कधी लागलाच नव्हता. बाग विकली गेली आणि आम्ही त्याला घरी आणले. नाव ठेवले मुत्तु. तमिळमध्ये मुत्तु म्हणजे मोती. नाव आपलेच, भाषा तेवढी वेगळी!

मुत्तु जो जिन्याखाली शिरला, तो बाहेर येईना. चौथ्या दिवशी माझा धीर सुटला आणि मी त्याला ओढून बाहेर काढू लागलो. भीतीने त्याने माझ्या हाताचा चावा घेतला. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुतली, त्याच दिवशी दवाखाना गाठून लस घेतली. शेजारी म्हणाले, “सोडून द्या त्याला.” पत्नीही त्या रात्री गप्पच होती. चूक माझी होती. शिक्षा मात्र त्याला होणार होती.

ओरत्तनाडुला 2012 पासून शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुत्तुची तपासणी आणि रेबीजसह सर्व लसीकरण तेथेच झाले. पुढे मी या विषयावर थोडे वाचनही केले. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसरा ते चौदावा आठवडा हा माणसांशी ओळख होण्याचा काळ. अमेरिकेतील बार हार्बर येथील संशोधकांनी 1961 साली दाखवून दिले, की चौदा आठवड्यांपर्यंत मानवी सहवास न लाभलेली पिल्ले माणसाला रानटी जनावरासारखी बिचकतात. मुत्तुची भीती म्हणजे कृतघ्नता नव्हती; त्याला माणसाची ओळखच नव्हती.

नामदेवांची पोळी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. भित्र्या कुत्र्यामागे मात्र धावायचे नसते. मी रोज ठरलेल्या वेळी दहीभाताची थाळी जिन्यापाशी ठेवू लागलो आणि पाठ वळवून थोड्या अंतरावर वर्तमानपत्र वाचत बसू लागलो. नजरेला नजर देणे नाही, हाक नाही, डोक्यावरून हात फिरविणे नाही. फाटकाला दुहेरी कडी लावली, कारण घाबरलेले कुत्रे एकदा निसटले की परतण्याची खात्री नसते. थाळी रोज वीतभर माझ्याकडे सरकत गेली. आवर्ती ठेवीचा हप्ता लहान असतो, पण तो चुकवून चालत नाही. विश्वासाचेही तसेच.

तीन महिन्यांनी दीपावली आली. येथे पहाटेपासूनच फटाके सुरू होतात. पहिल्या आवाजासरशी मुत्तु थरथरत उठला. तो जिन्याखाली जाईल असे वाटले. पण तो माझ्या खुर्चीखाली आला आणि त्याने पाठ माझ्या पायाला टेकविली. मी हललो नाही. बाहेर उजाडेपर्यंत आम्ही दोघे तसेच बसून होतो.

आजही अनोळखी माणूस आला की मुत्तु आडोसा शोधतो. शेजारच्या आजीबाई आता त्याला न बघितल्यासारखे करून फाटकापाशी दहीभात ठेवून जातात. आपल्याही अंगणात एखादा असा भित्रा पाहुणा आला, तर वाचकहो, त्याला थोडी जागा द्या आणि भरपूर वेळ द्या. जवळ कधी यायचे, ते त्याचे त्याला ठरवू द्या.