नाकाची शस्त्रक्रिया : रूपाआधी श्वासाचा विचार

नाक हा चेहऱ्याचा मध्यबिंदू. म्हणूनच अब्रू गेली की ‘नाक कापले गेले’ असे आपण म्हणतो. १९५०च्या दशकात ग्वाल्हेरलगतच्या भिंड परिसरात हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरत होता. गब्बरसिंग गुजर हा दरोडेखोर आपल्या तावडीत सापडलेल्यांची नाके आणि कान कापीत असे. नोव्हेंबर १९५९मध्ये पोलिसांच्या चकमकीत तो मारला गेला.

कापलेले नाक पुन्हा घडविण्याची विद्या मात्र भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे. इंग्रजी सैन्यासाठी बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावून बसला, तेव्हा पुण्यात एका वीटकाम करणाऱ्या जातीतील कारागिराने त्याच्या कपाळाच्या त्वचेतून नवे नाक तयार केले. ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ही हकीकत सचित्र छापली. तिच्या आधारे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४मध्ये इंग्लंडमध्ये अशीच शस्त्रक्रिया केली.

तेव्हा प्रश्न गेलेले नाक परत मिळविण्याचा होता; आज बहुतेकदा तो असलेले नाक बदलण्याचा असतो. त्यामुळे निर्णयापूर्वी अधिक विचार आवश्यक ठरतो. ग्वाल्हेर असो वा गोवा, रुग्णांच्या मनातील शंका साधारण सारख्याच असतात.

दोष नाकात आहे की छायाचित्रात?

मोबाइल चेहऱ्याच्या फार जवळ धरून काढलेल्या छायाचित्रात नाक प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८मध्ये मांडलेल्या गणितानुसार, १२ इंचांवरून टिपलेल्या छायाचित्रात नाक पाच फुटांवरून टिपलेल्या छायाचित्राच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद भासते. केवळ असे छायाचित्र पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य नव्हे.

‘नाकाचे हाड वाढले’ म्हणजे काय?

बहुतेकदा हाड वाढलेले नसते. दोन नाकपुड्यांमधला पडदा वाकडा असतो. श्वास कोंडत असेल तर पडदा सरळ करणे आणि बाह्य आकार सुधारणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. उलट, केवळ देखणेपणासाठी नाक फार बारीक केल्यास आधीचा मोकळा श्वासही अडू शकतो. तपासणीत डॉक्टरांनी नाकाच्या आत पाहिलेच नाही, तर ती तपासणी अपुरी समजावी.

योग्य वय कोणते?

चेहऱ्याची वाढ पूर्ण झाल्यावर. मुलींमध्ये साधारण १५-१६, तर मुलांमध्ये १७-१८ वर्षांपर्यंत थांबतात. लग्न ठरविण्याच्या घाईत किंवा नातलगांच्या टोमण्यांमुळे घेतलेला निर्णय पुढे समाधान देतोच असे नाही. इच्छा स्वतःची असावी.

बरे व्हायला किती काळ लागतो?

शस्त्रक्रिया बहुधा पूर्ण भूल देऊन होते. नाकावरचा आधार साधारण आठवड्याने काढतात. डोळ्यांभोवतीचे काळेनिळे डाग दोनेक आठवड्यांत ओसरतात; पण शेंड्याची सूज पूर्ण उतरण्यास वर्षही लागते. नाकावर भार पडेल असा चष्मा काही आठवडे टाळावा लागतो. धूम्रपान किमान चार आठवडे आधी थांबवावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती डॉक्टरांना सांगावीत, परस्पर बंद करू नयेत.

इंजेक्शनने काम भागेल का?

फिलरने उंचवटा तात्पुरता झाकता येतो. नाक लहान होत नाही. ते चुकून रक्तवाहिनीत गेल्यास त्वचा मृत होऊ शकते, क्वचित दृष्टीही जाते. ब्युटी पार्लरमध्ये हा प्रयोग कदापि करू नये.

खर्च विम्यातून मिळतो का?

केवळ सौंदर्यासाठी असेल तर नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, तसेच वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार हे त्यास अपवाद आहेत. पॉलिसीतील अटी आधी वाचाव्यात.

डॉक्टर कसा निवडावा?

जाहिरातीपेक्षा पात्रता पाहावी. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी, अथवा या शस्त्रक्रियेचा विशेष अनुभव असलेला कान-नाक-घसा तज्ज्ञ, हे योग्य पर्याय होत. राज्याच्या वैद्यक परिषदेकडील नोंदणी पडताळावी. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात प्लास्टिक सर्जरी विभाग आहे. तेथेही सल्ला घेता येतो.

भेटीत थेट विचारावे : अशा किती शस्त्रक्रिया आपण स्वतः केल्या? भूल कोण देणार? परिणाम मनासारखा न झाल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा? काही रुग्णांना ती करावीच लागते. संगणकावर दाखविलेले चित्र हे वचन नव्हे, दिशा असते. पुण्याच्या त्या कारागिरानेही आधी मेणाचे नाक बनवून माप घेतले होते. पण मेण आणि जिवंत त्वचा यांत फरक असतोच.

ग्वाल्हेरचा रुग्ण दिल्लीला किंवा गोव्याचा मुंबईला जाणार असेल, तर वर्षभर तपासणीसाठी पुन्हापुन्हा जाणे जमेल का, याचा हिशेब आधी मांडावा. ‘तुम्हाला याची गरज नाही’ असे सांगणाऱ्या डॉक्टरवर रुष्ट होऊ नये. पैसे मिळत असतानाही नकार देणारा डॉक्टर बहुधा विश्वासास पात्र असतो.

कावसजीच्या शस्त्रक्रियेनंतर दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापड घालून त्या मोकळ्या ठेवण्यात आल्या होत्या. श्वासाची वाट उघडी राहिली पाहिजे, हे तेव्हाच्या कारागिरालाही ठाऊक होते. आजच्या रुग्णानेही डॉक्टरांना पहिला प्रश्न श्वासाबद्दलच विचारावा.