फुगडी रंगू द्या, भगर तेवढी तपासून घ्या

पंचमीपासून दसऱ्यापर्यंत पाटोदा तालुक्यात सणांची रांग लागते. पंचमीला माहेरवाशिणी येतात, लिंबाच्या फांदीला झोके बांधतात, अंगणात फेर धरतात. मग पोळा, मागोमाग महालक्ष्म्या, नंतर घट बसतात. दसऱ्याला सावरगाव घाट या भगवानबाबांच्या जन्मगावी मोठी गर्दी लोटते. त्यानंतर मात्र गावे रिकामी होऊ लागतात. दिवाळीच्या मागेपुढे असंख्य कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात आणि पुढचे काही महिने फडावरच्या कोपीत काढतात. बालाघाटच्या डोंगरातल्या माणसांना, त्यातही बायांना, सणाचे दिवस म्हणजे वर्षातला मोजका विसावा असतो. या दिवसांतले खाणे आणि नाचणे आरोग्याला पोषकच आहे. जपायचे आहे ते काही ठरावीक जागी.

फुगडी हा व्यायामच

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम सांगते. फुगडी, झिम्मा, लेझीम, सप्ताहातली पाऊली हे सगळे त्यात बसते. पायांच्या स्नायूंना काम मिळते, हृदयाची गती वाढते, तोल सांभाळण्याचा सराव होतो. चारचौघींत मिसळून गाण्याने मनावरचा ताण हलका होतो, तो फायदा वेगळाच.

फुगडी थांबली की जग फिरते, त्याचे कारण कानाच्या आत आहे. तिथल्या अर्धवर्तुळाकार नलिकांत द्रव असतो. शरीर थांबले तरी तो काही क्षण फिरत राहतो आणि मेंदूला वाटते, गिरकी अजून चालूच आहे. ही भोवळ लगेच ओसरते, तिची काळजी नको. पण एरवी उठता-बसता डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, थोडे चालल्यावर धाप लागत असेल, तर रक्त तपासायला हवे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्ताची कमतरता आहे. दर दोघींमागे एक. फुगडीची जोडी धरली तरी त्यात एक निघावी, असे हे प्रमाण. हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तोडीला जाण्याआधी हे काम उरकून घेतलेले बरे.

नैवेद्याच्या ताटातले शहाणपण

महालक्ष्म्यांच्या ताटात पुरणपोळी असते, सोळा भाज्या असतात आणि ज्वारीची आंबीलही असते. पुरणात हरभऱ्याची डाळ आहे, म्हणजे प्रथिने आली. पालेभाज्यांतून लोह मिळते. पीठ ताकात आंबवले की धान्यातल्या फायटेटचे प्रमाण घटते आणि लोह शोषले जायला मदत होते. जेवणात लिंबाची फोड घेतल्यानेही तेच साधते. मात्र जेवण होताच चहा घेतला, तर लोह शोषण्यात अडथळा येतो. चहा तासभर उशिरा घ्यावा. मधुमेह असणाऱ्यांनी पुरणपोळी वर्ज्य करण्याची गरज नाही. अर्धी-एक पोळी घ्यावी आणि त्या जेवणातला भात, कुरडई, भजी कमी करावीत.

भगरीचा धोका

खरी जोखीम आहे ती उपवासाच्या ताटात. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र अशा दिवसांत भगर खाऊन विषबाधा झाल्याच्या घटना मराठवाड्यात वारंवार घडल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमातला भगर-आंबिलीचा प्रसाद खाऊन सुमारे दोन हजार लोकांना त्रास झाला.

दोष भगरीच्या दाण्याचा नाही. दमट हवेत, नीट न वाळलेल्या किंवा फार दिवस साठवलेल्या भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती विषद्रव्ये तयार करते. पीठ ओलावा लवकर धरते, म्हणून पिठात धोका जास्त. ही विषद्रव्ये उकळल्याने पूर्ण नष्ट होत नाहीत. त्यामुळे चांगली शिजवली होती, हा बचाव इथे चालत नाही.

विषबाधेत मळमळ, उलट्या, जुलाब होतात, चक्कर येते, हातपाय थरथरतात. उपवासाने अशक्तपणा आला असेल, असे म्हणून बाई पडून राहते आणि वेळ जातो. एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकदम असा त्रास झाला, तर तो उपवासाचा थकवा समजू नये. या विषावर नेमका उतारा नाही. सलाईन आणि लक्षणांनुसार औषधे यावरच भर असतो आणि वेळेत दवाखान्यात पोहोचलेले बहुतेक रुग्ण बरे होतात. थरथर, गुंगी, सतत उलट्या असतील किंवा लघवी कमी झाली असेल, तर १०८ ला फोन करावा.

पंगत मोठी, काळजी मोठी

सप्ताहाच्या किंवा काल्याच्या पंगतीत हजारोंचा स्वयंपाक पहाटेपासून सुरू होतो आणि वाढणे दुपारपर्यंत चालते. शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त कोमट पडून राहिले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. भात, खीर, दुधाचे पदार्थ यांत हे लवकर घडते. यावर उपाय म्हणजे एकदम सगळे शिजवण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने शिजवावे, वाफ निघेल असे गरम वाढावे आणि उरलेले दुसऱ्या दिवशी वाटू नये. हाताला जखम किंवा पू असलेल्याने वाढायला उभे राहू नये.

हे लक्षात असू द्या

- भगर पाकीटबंद, तारीख पाहून आणि लागेल तेवढीच घ्या. पीठ विकत आणू नका. निवडून, धुऊन, वाळवून घरीच दळा. कुबट वास आला की टाकून द्या.
- मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडक उपवास धरू नये. घाम, थरथर, धडधड जाणवली की लगेच साखर तोंडात टाकावी.
- भरपेट जेवल्यावर तास-दोन तास नाचू नये. रिकाम्या पोटीही नाचू नये. मध्ये मध्ये पाणी किंवा ताक प्यावे.
- नाचताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर जागीच थांबून दवाखाना गाठावा. त्याला पित्त समजू नये.
- स्पीकरच्या भिंतीसमोर लहान मुले, गरोदर बाया आणि हृदयरुग्णांना उभे करू नये. रात्रभर कानात शिट्टी वाजत राहिली, तर तो कानाला इजा झाल्याचा इशारा आहे.

कोयता उचलण्याआधीचे हे दिवस दवाखान्याच्या खाटेवर जाऊ नयेत. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. भगरीच्या पाकिटावरची तारीख वाचायची आणि घटाच्या आधी एकदा रक्त तपासून घ्यायचे, एवढे केले तरी पुष्कळ झाले.