उसाचं कुठलं जनुक केव्हा चालतं?



२०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यात नदीकाठचा ऊस कित्येक दिवस पाण्यात राहिला. शेंडा बुडून सुरळीत गाळ बसला तो ऊस कुजला. शेंडा वर राहिला तो पुष्कळसा सावरला. यात पाण्याची उंची, दिवस आणि उसाचं वय जसं महत्त्वाचं, तसा जातीचा अंगगुणही. हा गुण जनुकांत असतो.

मुळी, पान, खोड, सगळीकडे जनुके तीच. पण सगळी एकदम चालत नाहीत. पाणी पाजताना आपण दारं धरतो, एका सरीला पाणी सोडतो, दुसरीचं बंद करतो, तसंच हे. कुठलं जनुक किती चालू आहे, ते शास्त्रज्ञ नमुना घेऊन मोजतात.

मात्र एका हंगामावरून आपण जात ठरवीत नाही, तसं एका प्रयोगावरून जनुकाचं काम ठरत नाही. म्हणून अनेक प्रयोगांची मोजमापं एकत्र मांडतात. पुरात, दुष्काळात, साखर भरताना जी जनुके दरवेळी जोडीनं वाढतात-घटतात, ती बहुधा एकाच कामातली. पैऱ्यानं राबणारी घरं गावात ओळखू येतात, तशीच ही. एकाचं काम ठाऊक असलं, की सोबत्याचं अंदाजता येतं. काही जनुके टोळीच्या मुकादमासारखी असतात. ती इतरांना कामाला लावतात किंवा थांबवतात.

यात दोन पथ्यं आहेत. दोन काट्यांवरची वजनं ताडण्याआधी काटे तपासावे लागतात. तशी निरनिराळ्या प्रयोगशाळांची मापं आधी एका पातळीवर आणावी लागतात. आणि जोडीनं चालणं ही नुसती खूण. खात्री रोपावरच्या प्रयोगानंच होते.

भातात याचं फळ मिळालं आहे. ओडिशाच्या एका पूरसहनशील भातातलं ‘सब-१ए’ जनुक २००६ साली ओळखलं गेलं. बुडाल्यावर ते रोपाची वाढ रोखून साठा वाचवतं. त्यावरून आलेला ‘स्वर्णा-सब-१’ भात २००९ साली भारतात प्रसारित झाला. ऊस मात्र अवघड. त्यात एकेका जनुकाच्या अनेक प्रती असतात. ‘आर-५७०’ या जातीचा जनुक-आराखडा २०२४ साली प्रसिद्ध झाला. आता मोजमापं जुळवायला चांगला आधार आहे.

आपण काय करावं? संशोधन केंद्राचे लोक नमुना न्यायला आले, तर जात, लागणीची तारीख, लागण की खोडवा, पाणी किती दिवस होतं, शेंडा बुडाला का, हे लिहून द्यावं. नोंद नसलेला नमुना या हिशेबात धरता येत नाही.